शेवटच्या पंगतीपर्यंत पुरेल असं लग्नाचं जेवण

मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत लग्न निघालं की कोठीची किल्ली माझ्याकडे येते. तांदूळ, डाळी, नारळ, गूळ, तेल सगळं त्या एका खोलीत. कोणी काय नेलं, किती उरलं, पुढच्या पंगतीसाठी भात टाकायचा की थांबायचं, हे कोठीवालीने सांगायचं असतं. आचारी रांधतो तेवढंच ज्याला दिसतं, त्याला लग्नाचा खर्च कुठे वाढला ते कधीच कळत नाही. हाताशी बेताचे पैसे असलेल्या घरांची लग्नं मी जवळून बघत आले आहे. कर्ज काढून वीस पदार्थ मांडले आणि तिसऱ्या पंगतीला भात संपला, असंही बघितलंय. म्हणून लिहिते.

माझं म्हणणं एवढंच की पाहुणा पदार्थ मोजत नाही. ताटात जे आहे ते गरम आहे का, चवीचं आहे का, आणि दुसऱ्यांदा मागितलं तर मिळतं का, एवढंच तो बघतो. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर पदार्थांची संख्या कमी करा. वाढताना हात आखडू नका, आणि पहिल्या पंगतीला जे मिळालं तेच शेवटच्या पंगतीला मिळेल असं बघा.

आधी माणसं मोजा

वहीची तीन पानं करा. पहिल्या पानावर वाडी, दुसऱ्यावर गावातल्या इतर वाड्या, तिसऱ्यावर बाहेरगावची माणसं आणि मुंबईकर. वाडीत आमंत्रण ‘घरटी सगळी’ असतं, तिथे प्रत्येक घरातलं माणूस न माणूस मोजा. मे महिन्यात त्याच घरात मुंबईची सहा माणसं वाढलेली असतात, तीही धरा. इतर वाड्यांत ‘घरटी एक’ सांगितलं असेल तरी दोघं येतात, दोघंच धरा. बाहेरगावच्यांना लग्नाच्या आठ दिवस आधी फोन करून विचारा. त्यात लाज कसली? व्याही म्हणाले शंभर, तर मी सव्वाशे लिहिते. दोन लहान मुलं म्हणजे एक माणूस.

चौथं पान बहुतेक लोक विसरतात. आचारी आणि त्याची माणसं, वाढपी, मांडववाले, वाजंत्री, गाड्यांचे ड्रायव्हर, भटजी. ही पंचवीस-तीस माणसं सहज होतात आणि तीच शेवटी जेवतात. पुरलं नाही तर उपाशी तीच राहतात.

या आकड्यावर वाढ एकदाच धरायची. घरचा माणूस म्हणतो, असू देत थोडं जास्त. आचारी सामानाची याद करताना पुन्हा थोडं जास्त लिहितो. वाण्याकडे गेलेला मुलगा म्हणतो, अर्धं पोतं कशाला, पूर्णच घेऊ. तिघांनी दहा-दहा टक्के वाढवले की एक तृतीयांश सामान जादा येतं, आणि पैसा नेमका तिथे जातो. वाढ कोठीवर धरायची, आणि ती धरली हे तिघांनाही आधी सांगायचं.

काय रांधायचं

लग्नाच्या दिवसाचं जेवण आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी. मी सांगते ती यादी अशी: वरण-भात आणि तूप, काळ्या वाटाण्याचं सांबारं, एक सुकी भाजी, कैरीचं ताजं लोणचं, पापड, मणगणं (चणाडाळीची नारळाच्या रसातली खीर) आणि सोलकढी. यातलं बहुतेक सगळं आपल्याच जिल्ह्यात पिकतं किंवा वाण्याकडे कोरडं मिळतं. फ्लॉवर, मटार, सिमला मिरची कोल्हापूर-बेळगावहून घाट उतरून येते, आणि लग्नसराईत तिचा भाव काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. पनीर तर आणूच नका. मेच्या उकाड्यात ते टिकवायला बर्फावर खर्च, आणि गावच्या माणसाला त्याचं अप्रूपही नाही.

भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून मी रुपये सांगत नाही, वजनं सांगते. सगळी शंभर माणसांची. भाताला १३ किलो तांदूळ. वरणाला ४ किलो तूरडाळ. काळे वाटाणे ४ किलो. बटाट्याची भाजी असेल तर ८ किलो बटाटे. तूप पाऊण किलोच्या आत भागतं, पण ते वाढायला घरातली जाणती बाई बसवा, पोरांच्या हाती तुपाचं भांडं देऊ नका. सकाळच्या नाश्त्याला कांदेपोहे करायचे तर ५ किलो पोहे. घावण्यांचा मोह टाळा. शंभर माणसांचे घावणे म्हणजे तीन बायका पहाटेपासून तव्यापुढे अडकून पडतात, आणि त्याच बायका खोबरं वाटायला हव्या असतात.

तांदूळ जुना घ्या, गेल्या वर्षीचा. नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि फुगतही कमी. जुना तांदूळ चांगला वाढतो, त्यामुळे किलोमागे दोन पैसे जास्त गेले तरी परवडतो. लग्नाला सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळच लागतो, उकडा घरच्या पेजेला ठेवा. वाडीत ज्यांची स्वतःची शेती आहे त्यांच्याकडे आधीच शब्द टाकून ठेवला तर दुकानापेक्षा चांगला तांदूळ मिळतो. काही घरं तर आहेर म्हणूनच दहा-वीस किलो देतात. भांड्यांच्या आहेरापेक्षा असा आहेर मागून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

सुक्या भाजीचं गणित महिन्यावर आहे. लग्न मार्च-एप्रिलमध्ये असेल तर कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी करा. फणस कोणाच्या ना कोणाच्या परसात असतोच, आणि आठ-दहा कुयऱ्या मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. खर्च काय तो कापायच्या मेहनतीचा. हाताला आणि विळीला खोबरेल चोळून बसायचं, नाहीतर चीक निघता निघत नाही. मे उजाडला की फणस जून होतो. मग कच्च्या गऱ्यांची भाजी करता येते, आठळ्याही त्यातच जातात. ओल्या काजूगरांची उसळ मात्र सोडून द्या. ती आपली खरी, पण काजूगरांचा भाव आता पाहुण्यांच्या पंगतीचा राहिलेला नाही. काजूचे तुकडे मणगण्यात घाला, तेवढ्याने सगळ्यांच्या तोंडी लागतात.

वड्यांबद्दल मला नेहमी विचारतात. सांबाऱ्याबरोबर वडे हवेतच, असं म्हणणारे बरेच. दोनशे माणसांपर्यंत जरूर करा: शंभर माणसांना माणशी चार धरून ८ किलो पीठ, आणि तांदूळ १३ वरून १० किलोवर आणा. पण दोनशेच्या पुढे वडे म्हणजे तेल, गॅस आणि माणसं तिन्ही वाढतात. पहिल्या पंगतीला टम्म फुगलेले जातात आणि शेवटच्या पंगतीला गार, वातड. सगळ्यांना सारखे देता येणार नसतील तर त्या दिवशी वडे ठेवूच नयेत. लग्नानंतरच्या पाचपरतावनाच्या जेवणाला करा, तिथे माणसं कमी असतात.

नारळ: इथेच खरी बचत

कोकणातल्या जेवणात सगळ्यात जास्त पैसे नारळात जातात आणि सगळ्यात जास्त नासाडीही त्याचीच होते. प्रत्येक पदार्थाला वेगळे नारळ फोडले तर शंभर माणसांना सदतीस-अडतीस लागतात. मी तीसमध्ये भागवते, आणि चवीत कोणाला फरक कळत नाही. रीत अशी.

आधी रस काढायचे पदार्थ धरा. सोलकढीला १२ नारळ, मणगण्याला १०. खवून, वाटून पहिला दाट रस वेगळा ठेवा. मग कोमट पाणी घालून दुसरा, पुन्हा पाणी घालून तिसरा. मणगण्याची चणाडाळ शिजवायला तिसरा पातळ रस वापरा, नुसतं पाणी कशाला? तीन वेळा पिळून उरलेला चोथा आचारी टाकून देतात. तो टाकू देऊ नका. कढईत मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजला की त्याचं वाटप, म्हणजे वाटलेला मसाला, उत्तम होतं. सांबाऱ्याच्या वाटपात निम्मा चोथा आणि निम्मा ताजा नारळ घ्या. तेल-चव ताज्या नारळाची येते, दाटपणा चोथ्याचा. म्हणजे वाटपाला बाराऐवजी सहाच नारळ पुरले. सुक्या भाजीवर भुरभुरवायलाही दोन ताजे नारळ आणि बाकी चोथा.

भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप ओल्यापेक्षा जास्त वेळ टिकतं, हेही महत्त्वाचं. कच्च्या नारळाचं काहीही मेच्या दिवसांत चार-पाच तासांत आंबायला लागतं. म्हणून रस आदल्या रात्री काढून ठेवू नका, पहाटेच काढा. सोलकढी तर एकदम कालवूच नये. आगळाचं (कोकमाच्या खारवलेल्या रसाचं) पाणी एका पातेल्यात, नारळाचा रस दुसऱ्यात, आणि प्रत्येक पंगतीआधी लागेल तेवढीच एकत्र करायची. आंबट आणि रस फार वेळ एकत्र राहिले की ती फुटते. शंभर माणसांच्या दहा लिटर सोलकढीला साधारण लिटरभर आगळ लागतं. आगळात मीठ असतंच, त्यामुळे चाखल्याशिवाय वरून मीठ घालायचं नाही. थंड करायला बर्फाची लादी आणली तर ती परातीत ठेवा आणि पातेलं तिच्यावर ठेवा. लादीचा बर्फ पिण्याचा नसतो, तो सोलकढीत टाकू नका.

नारळ घेताना हलवून पाणी वाजतं का बघा आणि शक्यतो वाडीतूनच घ्या. लग्न ठरल्यापासून घरचे नारळ साठवायला लागा. असोला, म्हणजे न सोललेला नारळ सावलीत चांगला राहतो, सोलायचा तो फक्त आदल्या दिवशी.

वाटाणे आणि मणगणं

काळे वाटाणे आदल्या दिवशी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा. मोड नुसता डोकावला तरी पुरे. भिजले की दुपटीला येतात, म्हणून भांडं मोठं घ्या. शिजवताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: वाटाणा बोटाने चेपला जाईपर्यंत आमसूल घालायचं नाही. आंबट आधी पडलं की वाटाणा दडदडीत राहतो, मग कितीही लाकडं घाला. मीठही मी शेवटीच घालते. शिजल्याचं काळं पाणी फेकू नका, सगळी चव त्यात असते. घरचा मालवणी मसाला एप्रिलमध्ये कांडून घेतलेला असेल तर विकतच्या पाकिटांचा खर्च वाचतो. देवकार्य असल्याने ज्यांच्याकडे कांदा-लसूण चालत नाही, त्यांनी वाटपात धणे, बडीशेप, मिरी थोडी वाढवावी.

गोडाला मी मणगण्याचाच आग्रह धरते. जिलबीला वेगळा कारागीर लागतो, गुलाबजामला खवा, बासुंदीला पातेलीभर दूध. मणगण्याला दूध नाही, तूप नाही, तळण नाही. अडीच किलो चणाडाळ, अर्धा किलो साबुदाणा, तीन किलो गूळ, वर सांगितलेले दहा नारळ, वेलची आणि काजूचे तुकडे, एवढ्यात शंभर माणसं वाटीभर खातात. डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच गूळ घाला, आधी घातला तर ती पुढे शिजत नाही. दाट रस अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही. मुंबईहून आलेल्या मुलांना हे विकत कुठे मिळत नाही, ती दोनदा मागतात. मागितलं की द्या.

भात किती वेळा टाकायचा

सगळा भात एकदम टाकणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय. तीनशे माणसं असतील तर चाळीस किलो तांदूळ कोठीत असतो, पण पहिल्यांदा पंधराच किलो बाहेर देते. पहिली पंगत अर्ध्यावर आली की टोपात किती उरलाय ते बघून दुसरी खेप, बारा किलो. उरलेले तेरा मी दोन भागांत देते. यासाठी चुलीवर आधणाचा टोप सतत उकळत हवा. आधण तयार असलं की भात होऊन, पाणी काढून वेळून निघायला पाऊण तास खूप झाला. रेल्वेने येणारं वऱ्हाड असेल तर हे अधिकच सांभाळा. गाडी दोन तास उशिरा आली तर शिजलेला भात आणि शिजलेलं वरण दोन्ही खराब होण्याची भीती, कोरडा तांदूळ मात्र कोठीत सुखरूप.

वेळलेला भात टोपात दाबून झाकू नका. केळीच्या पानांवर पसरा आणि वर धुतलेलं पंचाचं कापड घाला. कोंडलेला गरम भात उन्हाळ्यात लवकर आंबतो आणि त्याने माणसं आजारी पडतात.

पंगतच बसवा

बुफे स्वस्त पडतो असं मांडववाला सांगेल. पडत नाही. बुफेत माणूस एकदाच ताट भरून घेतो, आणि टेबलाखालच्या टोपलीत निम्मं जातं. पंगतीत वाढपी थोडं थोडं वाढतो, संपलं की पुन्हा येतो. पाऊणशे माणसांची एक पंगत धरली तर तीनशे माणसं चार पंगतींत होतात, एकेक पंगत चाळीस मिनिटं. वाडीतली दहा-बारा मुलं वाढपी म्हणून आधीच ठरवा आणि ज्याचं पातेलं त्याचंच ठेवा. भातवाला भातच वाढेल, मध्येच पापड घेऊन फिरणार नाही. डाव लहान द्या. मोठ्या डावाने वाढलेलं पानात उरतं, लहान डावाने दोनदा वाढलेलं माणूस खातो आणि त्याला आग्रहही झाल्यासारखा वाटतो.

पानं केळीची, घरच्या बागेतली, पहाटे कापून पुसून ठेवलेली. कमी पडली तर सुपारीच्या विरीच्या ताटल्या. द्रोण घरी बायका फणसाच्या पानांचे लावतात, आदल्या दिवशी गप्पा मारता मारता दोनशे होतात. मोठी भांडी बहुतेक वाड्यांत मंडळाची असतात, नाममात्र भाड्याने मिळतात. तारीख ठरली की लगेच नाव लावून ठेवा, मेमध्ये एकाच दिवशी गावात तीन लग्नं असतात.

पाण्याचं नियोजनही आत्ताच करा. मेमध्ये आमच्या विहिरी तळाला जातात. रांधायला आणि भांडी घासायला टँकर लागणार असेल तर तो खर्च जेवणाच्याच पानावर लिहा. प्यायला वीस लिटरचे जार, शंभर माणसांना चार. लहान बाटल्या आणल्या की अर्ध्या प्यायलेल्या मांडवभर पडतात. आल्या-आल्या द्यायला बाटलीतलं रंगीत पेय नको, घरचं कोकम सरबत द्या. शंभर पेल्यांना तीन लिटर अमृत कोकम पुरतं.

पाचपरतावन

वशाट, म्हणजे मांसाहारी जेवण या दिवशी ठेवा आणि आमंत्रण मोजकंच करा. मटणाचा हट्ट सोडा. बॉयलर कोंबडी साफ केलेली १६ किलो, रश्श्यात ४ किलो बटाटे, भाजलेलं वाटप आणि गरम वडे, एवढ्यावर शंभर माणसं समाधानाने जेवतात. गावठी कोंबडा जावयापुरता करा. मासळीच्या भरवशावर बेत ठरवू नका, लग्नसराईत सुरमईचा भाव आपल्या हातात नसतो आणि जूनपासून मासेमारी बंदच असते.

आचारी आणि वाणी

ताटाच्या भावाने ठेका देऊ नका. आचाऱ्याची मजुरी वेगळी ठरवा, सामान स्वतः आणा. त्याने दिलेली याद वर सांगितलेल्या वजनांशी ताडून बघा आणि फरक वाटला तर सरळ विचारा. चांगला आचारी त्याने रागावत नाही. वाण्याशी बोलतानाच ठरवून घ्या की न उघडलेली पोती आणि डबे तो परत घेणार. बहुतेक घेतात, पण आधी बोललेलं असलं तरच.

दुपारभर कोणी ना कोणी कोठीच्या दारात येऊन विचारतोच, “जेवाण पुरतला मां?” त्याला उत्तर देता यावं म्हणून मी वाढप्यांचं आणि आचाऱ्यांचं जेवण पहिल्या पंगतीआधीच वेगळ्या टोपात काढते. वरण, सांबारं, भाजी, मणगणं, सगळं, आणि त्यावर झाकण ठेवून कोठीत. भात तेवढा त्यांच्यासाठी शेवटी गरम टाकायचा, दोन किलो तांदूळ त्यासाठी बाजूला बांधलेले असतात. त्या टोपाला कोणीही हात लावायचा नाही, नवरामुलाच्या मामानेसुद्धा.

उरलेलं चार वाजायच्या आत वाटून टाका. वाडीत अंथरुणाला खिळलेली, मांडवात न येऊ शकलेली म्हातारी माणसं असतात, त्यांच्या घरी डबे पाठवा. सोलकढी आणि सांबारं रात्रीवर ठेवू नका. भात जास्त उरला तर तो सगळा गोठ्यात ओतू नका, गुरांचं पोट फुगतं, मूठ-दोन मूठच द्या. आचाऱ्याचे पैसे त्याच संध्याकाळी द्या, सोबत नारळ आणि टॉवेल. मंडळाचे डाव, झारे आणि पराती दिवेलागणीआधी मोजून, धुऊन परत करा, कारण दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतही लग्न असेल.